दुसऱ्या डिस्कच्या आधी

“मावशी, झाडू राहू दे. अजून खून व्हायचाय.”

मी दारात चपला काढत होते, तेव्हा आतून हे वाक्य ऐकू आलं. मावशींना त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, “कवा हुनार?”

“हुईल अर्ध्या तासात. तू पाचलाच ये.”

रविवारची दुपार होती. मी कॉलेजच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला आले होते. सायबर कॅफेचं शटर अर्धं खाली होतं म्हणून परतच फिरणार होते, पण हे ऐकल्यावर वाकून आत डोकावले. खिडकीला सोलापुरी चादर लावून अंधार केला होता. पाच कॉम्प्युटरपैकी तीन बंद. एक मॉनिटर स्टुलावर उंच ठेवलेला, त्यावर जुना काळापांढरा हिंदी पिक्चर चालू होता आणि समोर चार-पाच माणसं देवळात बसावं तशी गप्प बसली होती. कडेच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चॅटची खिडकी उघडी होती. तिच्यापुढे कानाला हेडफोन लावलेले मामा एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप करत होते.

“प्रिंट,” मी म्हणाले. लोकांसमोर मी एका शब्दात काम भागवायची.

त्यांनी वर पाहिलं. “टायपिंग येतं व्हय?”

मी मान हलवली.

“मग बस हितं. मला मगाधरनं ‘एम’ घावंना झालाय.”

मी बसले. प्रिंट त्या दिवशी राहिलीच. पुढची दीड वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, मी त्या खुर्चीत बसत होते.

मामा माझे मामा नव्हेत. ते अख्ख्या गल्लीचे मामा होते. नव्वदच्या दशकात त्याच गाळ्यात त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. बाबा मला कॅसेट परत द्यायला पाठवायचे, तेव्हा काउंटर माझ्या हनुवटीला लागायचा. मामा कॅसेट हातात घेत, रिवाइंड केली आहे का ते खिडकीकडे धरून बघत, आणि मग दबक्या आवाजात विचारत, “घरात कुणी शेवट आदी सांगितला न्हाय न्हवं?” मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

मामांच्या लेखी जगात एकच गुन्हा होता. पिक्चर फोडणं. म्हणजे ज्यानं बघितला नाही त्याला शेवट सांगणं. “खून माणूस रागाच्या भरात करतोय,” ते म्हणत. “पिक्चर फोडणारा मात्र थंड डोक्यानं फोडतोय, वर हसतोय.” तरुणपणी सहाच्या खेळाला रांगेत उभे राहताना ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून जात, कारण तीनच्या खेळाची माणसं शेजारून बोलत बाहेर पडायची. एका न्हाव्यानं दाढी करता करता खुनी सांगून टाकला, तेव्हा मामा अर्ध्या दाढीनिशी उठून घरी आले, असं गल्लीत सांगत. ते खरं की खोटं मला माहीत नाही. मेव्हण्याचं मात्र खरं होतं. त्यानं एकदा जेवताना शेवट सांगितला आणि मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्याच मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला मामा गेले, अक्षता टाकल्या, पंगतीत वाढपही केलं. मेव्हण्याच्या पानासमोर आल्यावर जिलेबी वाढली, पण “घ्या” म्हणाले नाहीत.

मला त्यांची दुसरीच एक गोष्ट आठवते. मी सातवीत असेन. लायब्ररीत गर्दी होती. मामा स्टुलावर चढले होते, त्यांनी मला वरून सांगितलं, “पोरी, एकोणसत्तर नंबरची काढून दे जरा.” मी इंग्रजी शाळेतली. मराठी आकडे मला पन्नासपर्यंत यायचे, तेही चाचपडत. मी रॅकपुढे नुसतीच उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, “इंग्लिस मिडियम हाय ते, त्येला एकोणसत्तर कुटलं कळतंय!” आणि सगळे हसले. माझे कान तापले. मी कुणाशी कमी बोलायचे त्याचं कारण हेच होतं. बोललं की काहीतरी चुकायचं आणि आपल्या गावात हसणं मोठ्यानं असतं.

मामा स्टुलावरून उतरले. “हसताय काय?” ते त्या माणसाला म्हणाले. “मलाबी साठच्या फुडं गोंधळ हुतोय. म्हनून तर तिला सांगितलं.” त्यांनी स्वतः कॅसेट काढली. पुढच्या आठवड्यात गेले तर रॅकवरच्या प्रत्येक कॅसेटवर आकड्यांच्या मोठ्या इंग्रजी चिठ्ठ्या लागल्या होत्या. त्यांना गोंधळ होत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

मग कॅसेट गेल्या, सीडी आल्या, लायब्ररीचा कॅफे झाला. मुलगा पुण्याला गेला, कॉम्प्युटर मामांच्या गळ्यात पडले. त्यांनी ते आपल्या पद्धतीनं सांभाळले. कीबोर्डवर प्लॅस्टिक, मॉनिटरवर भरतकाम केलेला रुमाल, आणि भिंतीवर पाटी: भडंग चमच्याने खावे, हाताने खाऊन की दाबू नयेत.

कॉम्प्युटरवर त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडली. चॅटरूम. कोल्हापूर भागातून बाहेर गेलेली, जुन्या डिटेक्टिव्ह पिक्चरची वेडी माणसं त्यांनी एकेक करून शोधली आणि ग्रुप काढला. पिक्चर इंटरनेटवरून दिसण्याचे ते दिवस नव्हते, आमचं कनेक्शन फोटो उघडायलाही पाच मिनिटं घ्यायचं. म्हणून मामांनी युक्ती काढली होती. ते पिक्चरच्या दोन-दोन डिस्क प्रत्येकाला कुरिअरनं पाठवत. ठरलेल्या रविवारी दुपारी तीनला सगळे आपापल्या घरी डिस्क घालून तयार बसत. मग मामा माइकवर एकच शब्द ओरडत, “सोडा!” आणि पुण्यात, मुंबईत, सिंगापूरमध्ये सगळे एकदम बटण दाबत. माइक एवढ्यासाठीच. बाकी बोलणं टाइप करून, रोमन लिपीतल्या मराठीत.

तरी कुणाचं यंत्र पुढे जायचंच. सिंगापूरला एक इंजिनिअर होता, मूळचा गडहिंग्लजचा. त्याचा पिक्चर नेहमी दहा सेकंद पुढे असायचा. तो “बाप रे” लिहायचा आणि मग आमच्याकडे दार उघडायचं. मामा चिडून मला सांगत, “लिव त्येला, पाव्हणं, दचकायचं असंल तर धा मोजून दचका.”

नियम दोन होते. ज्यानं पिक्चर आधी बघितलाय त्यानं सुरुवातीलाच लिहायचं: “मी बघितलाय, मी गप्प.” ही शपथ. त्यानंतर त्यानं खुन्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. दुसरा नियम इंटरव्हलचा. पहिली डिस्क संपली की वीस मिनिटं थांबायचं आणि पंचनामा करायचा. हा शब्द मामांचा. लायब्ररीजवळच पोलीस चौकी असल्यामुळे त्या दिवसांत पंच म्हणून त्यांनाच पकडून नेत. तिथे ते शिकले होते की खोलीत शिरल्यावर काय वाटलं ते सांगायचं नसतं, काय दिसलं ते सांगायचं. “एक स्टीलचा तांब्या, तोंडाला पोचा, पाणी अर्धं,” असं ते म्हणायचे आणि मी नोटपॅडमध्ये टाइप करायची. मग तो पंचनामा ग्रुपवर टाकायचा, आणि ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनी खुनी ओळखायचा. अंदाज करायला कुणालाही मुभा. फक्त बघितलेल्यांना नाही.

दुसरी डिस्क कुणी आधी बघू नये म्हणून मामा ती वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर लाखेचं सील लावत. कुरिअरवाला दर वेळी विचारायचा, “मामा, कोर्टाचं हाय का?” मामा म्हणायचे, “त्येच्यापेक्षा महत्त्वाचं हाय.”

मी पंचनाम्यात चांगली होते. बोलत नसल्यामुळे असेल, मला दिसायचं खूप. मामांनी सांगितलेलं टाइप करून झालं की मी त्याच नोटपॅडच्या तळाशी, बऱ्याच रिकाम्या ओळी सोडून, माझा अंदाज लिहायची: खुनी कोण आणि का. तो ग्रुपसाठी नसायचा. पिक्चर संपून सगळे गेले की मामा खाली-खाली जात तो वाचायचे. बरोबर असला तर भुवया वर करायचे. एकदा म्हणाले, “हे समद्यांफुडं वाचून दाखवशील का?” मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ग्रुपला माझा पत्ताच नव्हता. सगळं मामांच्या नावानं जायचं. त्यांना वाटायचं मामांचं टायपिंग सुधारलं. सिंगापूरवाल्यानं तर अभिनंदनही केलं होतं. मामांनी ते ऐटीत घेतलं आणि मला डोळा मारला.

ग्रुपमध्ये पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी एकदा सगळ्यांना मोठी मेल लिहिली होती. शाळेत असताना त्या थोरल्या बहिणीबरोबर कोल्हापुरातच एक पिक्चर बघायला गेल्या. इंटरव्हलला काका सायकलवरून बोलवायला आले, आजी गेली म्हणून. सुतकाचे दिवस संपले तोवर पिक्चर उतरला होता. नंतर लग्न, पुणे, नोकरी, मुलं. तो पिक्चर पुन्हा कुठे लागला नाही. “चाळीस वर्षं झाली,” त्यांनी लिहिलं होतं, “खुनी कोण ते मला माहीत नाही. पण मी कुणाला विचारलंही नाही. मला तो बघायचाय.”

मामांनी ती मेल मला दोनदा वाचायला लावली. चष्मा काढून पुसला. “बगितलंस का?” ते म्हणाले. “चाळीस वर्सं. आन कुनाला इचारलं न्हाय.” त्यांनी स्वतः तो पिक्चर तेरा वेळा बघितला होता. त्याची डिस्क मिळवायला त्यांना वर्ष लागलं. शेवटी मुंबईच्या फुटपाथवर कुणालातरी सापडली. मॅडमच्या पाकिटावर त्यांनी लाखेची दोन सीलं लावली.

तो रविवार उजाडला. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. तीनला मी त्यांच्या सांगण्यावरून टाइप केलं, “मी बघितलाय, मी गप्प,” आणि ते ओरडले, “सोडा!”

पहिली डिस्क संपली. कॅफेतली माणसं बाहेर चहाला गेली. मामांनी पंचनामा सांगितला, मी उतरवून घेतला. मग नेहमीप्रमाणे तळाशी माझा अंदाज लिहिला. त्या दिवशी मला जवळजवळ खात्री होती. एक पात्र सगळ्यांना सांगत होतं की ते त्या बंगल्यात पहिल्यांदाच आलंय. पण दिवे गेले तेव्हा अंधारात न चाचपडता मेणबत्तीचा खण त्यानंच उघडला होता. ते पात्र कोण, हे मी इथेही लिहिणार नाही. मामांना आवडणार नाही.

“धाडून दे त्यास्नी, मी च्या घेऊन येतो,” म्हणून मामा शटरखालून बाहेर गेले. मी नेहमी वरच्या ओळी निवडून कॉपी करायची. त्या दिवशी घाईत सगळंच एकदम निवडलं आणि पाठवून दिलं. एंटर दाबल्यावर बघितलं, तर पंचनाम्याखाली, मामांच्या नावानं, “खुनी” असं लिहून पुढे नाव आणि तीन ओळी कारण.

एखाद्या नवख्यानं तेच लिहिलं असतं तर तो अंदाज झाला असता. पण ते लिहिलं होतं तेरा वेळा बघितलेल्या माणसानं, शपथ घेऊन.

सिंगापूरवाल्याचं आलं, “मामा??” मग, “तुम्ही फोडला? तुम्ही?” कुणीतरी लिहिलं की अंदाज असेल. त्यानं लिहिलं, “तेरा वेळा बघितलेला माणूस अंदाज कशाला करील?” मग मॅडमची एक ओळ आली. “असू द्या. सील काढत नाही आता. पाच मिनिटं बसते आणि निघते. मामा, तुम्ही मुद्दाम केलं नसेल.”

मामा चहाची किटली घेऊन आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी किटली खाली ठेवली, चष्मा लावला आणि वाचलं. मी नोटपॅडकडे बोट दाखवलं.

“समदंच गेलं व्हय?”

मी मान डोलावली. रडू येत होतं, पण तेही आवाज न करता.

त्यांनी हेडफोन लावला, माइक तोंडाशी घेतला. “मंडळी,” ते म्हणाले, “चूक माझ्या खुर्चीतनं झालीया, म्हंजे माझी. नियम मी केलता, मला लागू हाय. आजपास्नं ग्रुप सिंगापूरच्या पाव्हण्यांनी चालवायचा. मॅडम, माफी मागतो.” मग माइक बंद करून हेडफोन आमच्या दोघांच्या मधे टेबलावर ठेवला.

“मामा,” मी कुजबुजले, “नाव चुकीचं आहे म्हणून सांगा ना त्यांना.”

“कसं सांगू? बरोबर हाय म्हनलो तरी फोडला. चूक हाय म्हनलो तरी फोडलाच की. एक मानूस संशयाच्या यादीतनं गेला. मला तोंडच न्हाय आता.” चष्मा काढत ते म्हणाले, “तुझं नाव मी सांगत न्हाय. भिऊ नगंस.”

मी टाइप करून पाहिलं. “हे मामांनी लिहिलेलं नाही, टायपिंग करणाऱ्या मुलीनं लिहिलं आहे.” पण तेही मामांच्याच नावानं गेलं. सिंगापूरवाल्यानं लिहिलं, “मामा, आता ही मुलगी कुठनं आली? झालं ते झालं. कारणं देऊ नका, बरं दिसत नाही.”

बाहेर गेलेली माणसं शटरखालून वाकून आत येऊ लागली होती. मॅडमची पाच मिनिटं संपत चालली होती. त्या ग्रुपमध्ये असं एकच माणूस होतं ज्यानं शेवट बघितलेला नव्हता आणि तरी ते नाव लिहिलं होतं. खुनी कोण ही शंका मॅडमना परत देणं फक्त त्यालाच शक्य होतं. मामांना हे माझ्या आधी कळलं असणार. पण त्यांनी हेडफोन माझ्याकडे सरकवला नाही. ते उठून पाठमोरे झाले आणि पेल्यांत चहा ओतू लागले, जणू मी खोलीत नाहीच.

त्या पाठीचे उपकार मी विसरलेले नाही. त्यांनी “बोल” म्हटलं असतं, तर मी बोलले नसते.

पुढचं आधीच सांगून टाकते. मॅडम गेल्या नाहीत. त्यांनी दोन्ही सीलं काढली आणि मामांनी दुसऱ्यांदा “सोडा” म्हटलं, आवाज जरा घोगरा होता. पिक्चर संपल्यावर मॅडमनी लिहिलं, “शेवटची वीस मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. त्या मुलीचा अंदाज चुकावा असं वाटत होतं आणि खरा ठरावा असंही.” तो काय ठरला ते विचारू नका. सिंगापूरच्या इंजिनिअरनं मामांची माफी मागितली आणि ग्रुप परत त्यांच्या हवाली केला. मामांनी नियमांत तिसरा नियम घातला: टायपिस्टचं नाव सुरुवातीला जाहीर करावं. पुढच्या वेळेपासून पंचनामा मी माइकवर वाचू लागले. पहिल्यांदा माझं मराठी ऐकून कुणीतरी हसलं. मी थांबले, आणि मग पुढचं वाचलं.

आज त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मामा मुलीकडे गडहिंग्लजला असतात. मला नोकरीत दिवसभर फोनवर अनोळखी लोकांशी बोलावं लागतं, आणि लोक मला बोलकी समजतात. मी त्यांची समजूत काढत बसत नाही.

पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी हेडफोन उचलला. तो मामांच्या डोक्याच्या मापाचा होता, माझ्या कानांवरून घसरत होता, म्हणून एका हातानं धरून ठेवला. माइकचं बटण दाबलं. पलीकडे पुण्यात कुठल्यातरी घरातला पंखा ऐकू येत होता. माझ्या मागे चार-पाच माणसं आणि चहाचा पेला धरलेले मामा उभे होते. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला, पण तो निघाला.

“मॅडम, थांबा. ते मामांनी लिहिलं नाही, मी लिहिलंय. मी टायपिंग करते त्यांचं. मी हा पिक्चर कधीच बघितलेला नाही, मला शेवट माहीत नाही. माझं चुकलं पण असेल. तुम्ही बघा ना पुढचं. मला पण बघायचंय.”